आनंद आटल्यावर सुवार्ता कशी सांगायची?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यापासून तुम्ही आपल्या माणसांना त्याच्याविषयी सांगत आलात. त्यापायी आई दुरावली, भावाने बोलणं टाकलं. यजमानांचं आजारपण लांबलं आणि त्यातच तुमची नोकरी गेली. इतक्या वर्षांत तुमच्या सांगण्याने एकानेही विश्वास धरलेला नाही. उपासनेत ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन वाचलं जातं तेव्हा ओठ हलतात, पण आत काहीच हलत नाही, आणि आपण ढोंग करतोय असं वाटतं. इस्पितळातल्या एका परिचारिकेने ‘तुम्ही इतक्या शांत कशा राहता?’ असं विचारलं तेव्हा तर तुम्हाला लाजच वाटली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: माझा विश्वास कच्चा आहे का, या सांगण्याचा काही उपयोग आहे का, आणि मी आता गप्प बसावं का.

मी बरीच वर्षं पाळकीय सेवेत आहे. सुवार्ता सांगणाऱ्यांना, त्यातही थकलेल्यांना, सोबत करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: विश्वास कच्चा असता तर त्याची इतकी ओढाताण झाली नसती. भावाच्या अबोल्याने कुणालाही रडू येतं. पण प्रभूविषयी बोलताना पूर्वीसारखा आनंद का होत नाही, या विचाराने रडू यायला प्रभूवर प्रेम असावं लागतं. अडचण मला दुसरीकडे दिसते. तुमचा आनंद नकळत समोरच्याच्या होकारावर टेकला, आणि तो होकार आला नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना जोडीजोडीने पुढे पाठवतो. ते हरखून परत येतात. तुझ्या नावाने भुतेदेखील आम्हाला वश होतात, असं सांगतात. सगळं मनासारखं झालेलं. आणि नेमक्या त्या घडीला येशू त्यांना सांगतो की भुते वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना. या वचनापाशी मी दर वेळी थबकतो. हरलेल्यांची समजूत घालायला ते सांगितलेलं नाही, जिंकून आलेल्यांना सांगितलेलं आहे. हातात फळ असतानाच त्याने त्यांचा आनंद फळावरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला, कारण पुढे नकार, पांगापांग आणि तुरुंग येणार होते. लगेच पुढच्या वचनात लूक सांगतो की येशू स्वतः पवित्र आत्म्यात उल्लसित झाला आणि त्याने पित्याचे आभार मानले. शुभवर्तमानांत येशूच्या हर्षाचं असं उघड वर्णन फार थोड्या ठिकाणी आहे. ते इथे आलंय.

तुमचं नाव लिहिलेलं आहे. भावाने बोलणं टाकल्याने ते पुसलं गेलं नाही, आणि उद्या त्याने विश्वास धरला तर ते अधिक ठळकही होणार नाही.

दाविदाच्या 51व्या स्तोत्रातला क्रमही पाहून ठेवा. तुझ्या तारणाचा हर्ष मला परत दे, ही मागणी आधी येते. मग मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन, हे त्यानंतर. शिकवून हर्ष मिळेल असं दावीद म्हणत नाही. म्हणून माझी पहिली सूचना सांगण्याविषयी नाहीच, वाचण्याविषयी आहे. काही काळ शुभवर्तमान फक्त स्वतःसाठी वाचा. बरीच वर्षं साक्ष देणाऱ्या माणसाला एक खोड लागते. प्रत्येक वचन तो ‘हे अमक्याला कसं सांगू’ या नजरेने वाचतो, आणि ते वचन त्याच्याशी बोलायचं राहून जातं. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत आणि प्रसंग छोटे छोटे आहेत. दिवसाला एक प्रसंग पुरे. येशू इथे कुणाकडे वळून पाहतो, कुणाला हात लावतो, कुणासाठी थांबतो, एवढंच पाहा. टिपणं काढू नका आणि वाचलेलं त्याच दिवशी कुणाला पाठवूही नका. ही सूचना लोकांना फार साधी वाटते, पण माझ्या पाहण्यात सुकलेल्या साक्षीला ओल आली ती बहुतेक वेळा इथूनच.

आता ‘सर्वदा आनंद करा’ या वचनाविषयी, कारण तेच तुम्हाला टोचतंय.

प्रेषित पौलाने हे लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. परंपरेने ही कैद रोममधली, साधारण इ.स. 60 ते 62 च्या सुमाराची मानली जाते. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे फिलिप्पैकरांस, लिहिलेल्या या चार अध्यायांच्या पत्रात आनंदाचा उल्लेख सुमारे 16 वेळा येतो, हे मंडळीत आवर्जून सांगितलं जातं. त्याच पत्रात आणखी काय काय आहे ते मात्र क्वचित सांगतात. फिलिप्पैहून त्याच्या मदतीला आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन परतला, आणि तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल लिहितो. ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या वैऱ्यांविषयी लिहिताना मी रडत आहे असं सांगतो. युवदीया आणि सुंतुखे या सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर झटलेल्या दोन स्त्रिया, त्यांचं आपसात पटेनासं झालं आहे. काही जण त्याच्या कैदेतल्या दुःखात भर घालावी म्हणून मुद्दाम चढाओढीने ख्रिस्ताची घोषणा करताहेत. आणि चौथ्या अध्यायात, ज्या स्थितीत आहे तिच्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं तो म्हणतो. शिकला, म्हणजे ते त्याला उपजत येत नव्हतं. करिंथकरांना तर त्याने स्पष्टच लिहिलं की आशिया प्रांतात आम्ही इतके दडपून गेलो की जगण्याचीही आशा सोडली. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःचं वर्णन करतो: दुःखी, तरी सर्वदा आनंद करणारे. दोन्ही एकाच श्वासात.

तेव्हा ताई, आनंद करा ही आज्ञा रडणाऱ्या माणसाने लिहिली आहे. हसरा चेहरा म्हणजे विश्वासाचा दाखला, ही समजूत मंडळ्यांत जिथे जिथे शिरली आहे तिथे तिने नुकसानच केलंय. दुःखी माणसं मुकाट्याने मागच्या बाकावर सरकतात आणि एक दिवस येईनाशी होतात. पवित्र शास्त्र असं वागत नाही. स्तोत्रसंहितेचा केवढा तरी भाग विलापाचा आहे, आणि 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी सांत्वनाची ओळसुद्धा नाही. तरीही ते देवाला उद्देशून म्हटलेलं आहे आणि उपासनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. येशूने वधस्तंभावर हाक मारली तीही एका विलापगीताच्या शब्दांत, 22व्या स्तोत्राच्या. प्रभूमध्ये आनंद करणं याचा अर्थ मी असा घेतो: दुःख खरंच आहे, पण या दुःखात मी ज्याची आहे तो मला सोडत नाही, ही गोष्ट त्याहून खोल आहे. काही दिवशी हे मनाला जाणवतं. काही दिवशी नुसतं माहीत असतं. माहीत असणंही खोटं नसतं.

त्या परिचारिकेला काय सांगायचं? खरं तेच. मी तुमच्या जागी असतो तर म्हणालो असतो: ‘मी शांत नाही. रात्री रडते. पण ज्याच्यापाशी रडते तो ऐकतो, असा माझा विश्वास आहे.’ एवढंच, आणि मग थांबायचं. तिने आणखी विचारलं तर बोलायचं. ही साक्ष तुमच्या जुन्या, उत्साहाच्या दिवसांतल्या साक्षीपेक्षा कमी प्रतीची नाही. करिंथमध्ये मी अशक्त, भयभीत आणि फार कापत होतो, असं पौलाने पुढे त्याच मंडळीला लिहून कळवलं. त्या काळात प्रभूने त्याला दर्शनात येऊन सांगितलं होतं की भिऊ नको, बोलत राहा, गप्प राहू नको. न भिणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

इथे एक सावधगिरी. यजमानांचं आजारपण हे तुमच्या साक्षीचं साधन करू नका. त्यांची परवानगी असेल तेवढंच सांगा, आणि त्यांच्या पलंगापाशी उभं राहून दुसऱ्याला उपदेश तर नकोच. आजारी माणसाला आपण कुणाच्या तरी उदाहरणातलं पात्र झालोय हे लगेच कळतं आणि ते फार लागतं. तसंच ‘देवाने हे आजारपण तुमच्या सेवेसाठीच दिलं’ असं कुणी म्हणालं तर ते मान्य करायची सक्ती तुमच्यावर नाही. फिलिप्पैकरांच्या पहिल्या अध्यायात पौल बेडीला चांगलं म्हणत नाही. बेडी असतानाही सुवार्ता कुठवर पोचली ते तो सांगतो: राजवाड्याच्या सगळ्या पहारेकऱ्यांपर्यंत. जी माणसं त्याला एरवी कधी भेटली नसती ती पहाऱ्याच्या पाळीमुळे त्याच्या शेजारी आली. तुमच्याही बाबतीत दुःखाने काही दारं बंद झाली आणि काही माणसं शेजारी आणून बसवली. दुसऱ्या खाटेवरच्या रुग्णाची मुलगी, रात्रपाळीची परिचारिका, औषधाच्या रांगेतली बाई. जे सांत्वन आम्हाला मिळालं त्याने आम्ही दुसऱ्यांचं सांत्वन करू शकतो, असं पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभीच लिहितो. त्यासाठी आधी सांत्वन मिळालेलं असावं लागतं. म्हणून स्वतःसाठी वाचन आधी.

दुसरा प्रश्न उपयोगाचा. इथे मला अदोनिराम जडसनविषयी जरा सविस्तर सांगायचंय, कारण त्याचं नाव यशस्वी मिशनऱ्यांच्या यादीत घेतलं जातं आणि मधली वर्षं गाळली जातात.

जडसन आणि त्याची पत्नी अ‍ॅन 1812 साली अमेरिकेहून निघाले आणि जुलै 1813 मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोचले. पहिलं मूल प्रवासातच मृत जन्मलं. दुसरा मुलगा, रॉजर, काही महिन्यांचा होऊन 1816 मध्ये गेला. भाषा शिकणं, भाषांतर आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणं, यात सहा वर्षं गेली. पहिला ब्रह्मी विश्वासू, मौंग नाऊ, याचा बाप्तिस्मा जून 1819 मध्ये झाला. पुढे इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि 1824 मध्ये जडसनला हेर समजून पकडलं. जवळजवळ दीड वर्ष तो बेड्यांत होता. अ‍ॅन गरोदरपणात आणि नंतर तान्ह्या मुलीला घेऊन तुरुंगाच्या दाराशी हेलपाटे घालत राहिली. नव्या कराराच्या भाषांतराचं हस्तलिखित तिने एका उशीत शिवून त्याच्याकडे पोचवलं. कैद्यांना दुसरीकडे हलवताना ती उशी फेकली गेली, आणि मौंग इंग नावाच्या विश्वासूने आठवण म्हणून उचलून घरी नेली. आत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. हस्तलिखित बचावलं. अ‍ॅन मात्र सुटकेनंतर वर्षभरातच, ऑक्टोबर 1826 मध्ये, तापाने वारली. सहा महिन्यांनी ती तान्ही मुलगी मारियाही गेली.

त्यानंतरचा जडसन आपण सहसा ऐकत नाही. तो माणसांतून उठला. रानात झोपडी बांधून राहिला, स्वतःसाठी कबर खणली आणि तिच्याकाठी बसून राहू लागला. 1829 मध्ये त्याने लिहिलं की देव माझ्यासाठी महान अज्ञात झाला आहे, मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, पण तो मला सापडत नाही. ज्याने भाषा शिकून, तुरुंग सोसून एका देशाला सुवार्ता सांगितली त्याचे हे शब्द आहेत. तिथून तो हळूहळू परतला, भाषांतराला पुन्हा बसला, आणि 1834 च्या जानेवारीअखेर संपूर्ण ब्रह्मी शास्त्राचं भाषांतर पूर्ण झालं. ते आजही तिथल्या मंडळ्यांत वाचलं जातं.

त्याला सहा वर्षांनी फळ मिळालं म्हणून तुम्हालाही मिळेल, असं मी म्हणणार नाही. असा हिशेब देवाच्या वतीने मांडायचा अधिकार मला नाही. मला त्या 1829 च्या वाक्यापाशी थांबायचं आहे. ‘विश्वास ठेवतो, पण सापडत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला प्रभूने सेवेतून काढून टाकलं नाही. तुमची आजची अवस्था ही तुमच्या बोलावण्याचा शेवट आहे असं तुम्हाला वाटतंय. त्या माणसाची उरलेली वीस वर्षं पाहिली तर तसं म्हणवत नाही.

उपयोगाचं मोजमापही आपण चुकीच्या ठिकाणी करतो. ‘मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला,’ असं पौल लिहितो. एक पेरतो आणि एक कापतो, हे येशू शोमरोनात विहिरीपाशी बसून शिष्यांना सांगतो, तेही चालून चालून थकलेला असताना. पेरणाऱ्याला कापणी दिसेलच असं वचन तिथे नाही. दोघांनी मिळून आनंद करावा असं मात्र आहे. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाच्या वधानंतर पांगलेली माणसं अंत्युखियात पोचतात आणि तिथल्या हेल्लेण्यांना, म्हणजे ग्रीकांना, प्रभू येशूची सुवार्ता सांगतात. ‘ख्रिस्ती’ हे नाव जगात पहिल्यांदा मिळालं ते याच शहरात. ज्यांनी तिथे पहिल्यांदा तोंड उघडलं त्यांतल्या एकाचंही नाव लूकने दिलेलं नाही. घरदार सोडून पळालेली, छळातून निसटलेली माणसं होती ती.

आता घरच्यांविषयी, कारण तुमचा खरा घाव तिथे आहे. येशूच्या घरचे एकदा त्याला धरून न्यायला आले होते. त्याचं भान सुटलंय असं ते म्हणत होते. हे मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्याचे भाऊदेखील त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहान सातव्या अध्यायात लिहितो. ज्याच्या बोलण्यात आणि वागण्यात काहीच खोट नव्हती त्याच्या घरी ही स्थिती होती. तेव्हा भावाने विश्वास धरला नाही याचं खापर ‘मी नीट सांगितलं नाही’ असं म्हणून स्वतःवर फोडू नका. येशूच्या पुनरुत्थानानंतर माडीवरच्या खोलीत प्रार्थना करणाऱ्यांत त्याचे भाऊ दिसतात, आणि त्यांतला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. मधल्या काळात घरात काय बोलणं झालं याबद्दल शास्त्र काहीच सांगत नाही. पुनरुत्थित येशू याकोबाला दिसला, एवढंच पौल नोंदवतो.

तरी काही गोष्टी आपल्या हातात असतात, आणि तिथे मी थोडा कडक आहे. ख्रिस्तासाठी सोसणं वेगळं आणि आपल्या बोलण्याच्या कडवटपणाची किंमत मोजणं वेगळं. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात हा फरक करतो. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कुणाला दुःख भोगायला लागू नये, असं चौथ्या अध्यायात बजावतो. त्याआधी तिसऱ्या अध्यायात, तुमच्यातल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असं सांगतो. सणासमारंभात, चारचौघांत, आईच्या श्रद्धेला नावं ठेवून, आजारी माणसाच्या भीतीचा फायदा घेऊन किंवा मदतीच्या बदल्यात सुवार्ता सांगायची नसते. समोरच्याला मोकळेपणी नाही म्हणता आलं पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचा हो मला नको आहे, आणि माझी खात्री आहे की प्रभूलाही नको आहे.

बोलायचं तेव्हा थोडं बोला. गरसेकरांच्या प्रदेशातल्या, भुतांच्या पछाडण्यातून बऱ्या झालेल्या माणसाला येशूने काय सांगितलं? घरी आपल्या लोकांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली, ते सांग. त्याला कुठलंही शिक्षण दिलं नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध परुश्यांच्या वादात अडकला, तरी एका वाक्याला धरून राहिला: मी आंधळा होतो, आता मला दिसतं. बाकी मला ठाऊक नाही म्हणाला. तुम्हीही अमुक प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नाही असं म्हणू शकता, विशेषतः ‘तुझा देव तुझ्या नवऱ्याला बरं का करत नाही’ या प्रश्नाला. त्या प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर देणाऱ्यापेक्षा ‘मलाही कळत नाही, मीही त्याला रोज हेच विचारते’ म्हणणारीचं लोक ऐकतात.

आणि एकटीने करू नका. येशूने शिष्यांना जोडीजोडीने पाठवलं. मंडळीतली एक बहीण शोधा, जिच्यापुढे रडता येईल आणि जी तुम्हाला लगेच वचन फेकून मारणार नाही. आठवड्यातून एकदा दोघींनी बसून तीनचार नावं घेऊन प्रार्थना करा. एवढ्याने सांगण्याचं ओझं निम्मं होतं.

शरीराचंही बघा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवल्यावर एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाच्या दूताने त्याला बोल लावला नाही. खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. प्रश्न विचारले ते बरंच नंतर, होरेबला. लंडनचा प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन 22 वर्षांचा असताना, 19 ऑक्टोबर 1856 रोजी, त्याच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी आवई उठवली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. त्यानंतर खिन्नतेने त्याची पाठ आयुष्यभर सोडली नाही. पुढे तो आपल्या विद्यार्थ्यांना या खिन्नतेविषयी उघडपणे शिकवत असे. देवाच्या सेवकालाही ती येते, तिला पाप समजू नका, असा त्याचा सूर होता. तुम्हाला झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे आजच जा. मनाच्या आजाराचे उपचार घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे. मी ज्यांना सोबत करतो त्यांतल्या कित्येकांना आधी मी तिकडेच पाठवतो.

विरोधाचं रूप मारहाण किंवा कोंडून ठेवणं असं असेल तर तेही सांगतो. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागू पडेल. सोसणं म्हणजे मार खात तिथेच उभं राहणं नव्हे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं येशूने सांगितलं आहे. पौल दिमिष्क (दमास्कस) शहरातून टोपलीत बसून तटावरून उतरला. फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडला, मध्यरात्री सीलाबरोबर स्तोत्रं गायली, आणि सकाळी सुटका झाली तेव्हा आपल्या रोमी नागरिकत्वावर बोट ठेवून अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर न्यायला लावलं. गाणंही त्याचंच आणि हक्क मागणंही त्याचंच.

शेवटचा प्रश्न: थांबावं का. जबरदस्तीने बोलणं थांबवा. दर भेटीत, दर फोनवर विश्वासाचा विषय काढलाच पाहिजे, नाहीतर आपण प्रभूला नाकारलं, हा धाक सोडून द्या. तो प्रभूने घातलेला नाही. काही महिने कुणी विचारलं तरच सांगायचं, असं ठरवायला हरकत नाही. पूर्ण गप्प बसणं तुम्हाला जमेल असं मला वाटत नाही. यिर्मया संदेष्ट्यानेही एकदा ठरवलं होतं की यापुढे त्याच्या नावाने बोलणार नाही. मग हाडांत कोंडलेला अग्नी आवरता आवरता तो दमून गेला. तुमच्या बाबतीत तसं झालं, आतून बोलावंसं वाटलं, तर बोला. तोवर घाई नाही.

भावाला मात्र एक चिठ्ठी लिहा. तीत वचन घालू नका, प्रार्थना करते असंही लिहू नका. त्याने तुमच्यासाठी पूर्वी काय काय केलं त्यातली एखादी गोष्ट आठवून तिच्याबद्दल आभार माना, यजमानांची तब्येत कशी आहे ते कळवा आणि तुझी आठवण येते असं लिहा. उत्तर आलं नाही तरी त्याच्या वाढदिवसाला फोन करा. त्याने तो उचलला तर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करा आणि त्याला बोलू द्या.